शिक्षा कैदेची, आजारपणाची नव्हे

मुलाखतीच्या दिवशी पुरुषांच्या तुरुंगावरून गेलात, तर दारापाशी बायकांची रांग दिसेल. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण. हातात कपड्यांची पिशवी, कडेवर मूल. नवऱ्याने, मुलाने काहीही केलेले असो, बाई त्याला भेटायला जाते. पण तीच बाई तुरुंगात गेली, तर तिला भेटायला कोण जाते? तुरुंगात काम करणारे समाजसेवक सांगतात की अनेकींकडे वर्षानुवर्षे कुणी फिरकत नाही. सासर दार लावून घेते आणि माहेराला धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी असते.

हा फक्त नात्यांचा प्रश्न नाही. त्या बाईच्या प्रकृतीचाही आहे.

शंभरात चार

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यात स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात जेमतेम चार. संख्या कमी, म्हणून लक्षही कमी. तेव्हाच्या १,३३० तुरुंगांपैकी खास स्त्रियांसाठी होते फक्त ३४. बाकी ठिकाणी पुरुषांच्या तुरुंगातच एका बाजूला महिलांची बराक. दवाखाना, पाणी, न्हाणीघरे यांची आखणी पुरुषांच्या हिशेबाने झालेली. पाळी, गरोदरपण, अंगावरून जाणे, पाळी जातानाचा त्रास या गोष्टी पुरुष डॉक्टरपुढे बोलायच्या कशा? मग दुखणे अंगावर काढले जाते.

दाटीवाटीचा धोका वेगळाच. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात दहा दिवसांत ३९ जणांना करोनाची लागण झाली. त्यांत सहा लहान मुले होती.

मनाला लागलेली वाळवी

शरीराचे दुखणे निदान दिसते तरी. मनाचे काय? बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने तिथल्या मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ कैद्यांची पाहणी करून २०११ मध्ये अहवाल दिला. व्यसने वगळली तरी शंभरातल्या सुमारे २८ जणांना मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. या पाहणीत बहुतेक पुरुषच होते. २४ देशांतील अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र स्त्री-पुरुषांचा फरक दिसला. तीव्र नैराश्य पुरुष कैद्यांत सुमारे १० टक्के, तर स्त्रियांत १४ टक्के होते.

असे का? यातल्या कितीतरी जणी मारहाण, अत्याचार सोसूनच आत आलेल्या असतात. त्यात आल्या दिवसापासून एकच घोर: मुले कुणाकडे असतील? जेवली असतील का? झोप उडते, अन्न जात नाही.

आईबरोबर आत

काही मुले आईसोबतच राहतात. २०२२ अखेर १,५३७ स्त्रियांबरोबर १,७६४ मुले तुरुंगात होती. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. या मुलांना पुरेसा आहार, औषधपाणी, पाळणाघर मिळाले पाहिजे. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावे. जन्म तुरुंगात झालाच, तर दाखल्यावर तुरुंगाचे नाव नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बजावले आहे. पण सहा वर्षे पूर्ण झाली की ताटातूट ठरलेली. त्या दिवसानंतर त्या आईला सांभाळणार कोण?

उपाय काय?

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१० मध्ये स्त्री कैद्यांसाठी ७० नियम मंजूर केले. ते ‘बँकॉक नियम’ म्हणून ओळखले जातात. सॅनिटरी नॅपकिन मोफत द्या, आत येतानाच प्रकृती आणि मन दोन्ही तपासा, मागणी केल्यास शक्य तिथे स्त्री डॉक्टर द्या, मुलांची भेट सोपी करा, असे ते सांगतात. न्यायालयाने शिक्षा दिली तर ती स्वातंत्र्य काढून घेण्याची असते, आजारपणाची नव्हे.

आणि सगळ्याच कुठे शिक्षा झालेल्या असतात? आपल्या तुरुंगांतले चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आहेत. जामीन मिळूनही जामीनदार नाही म्हणून कितीतरी जणी आत राहतात. नावावर ना घर, ना जमीन. अशा बाईला गोळीपेक्षा वकिलाची गरज जास्त. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो. तुरुंगातूनही तो करता येतो.

पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या स्त्री कैद्यांची गाऱ्हाणी पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवली होती. पंधरापैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९८३ मध्ये न्यायालयाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि महिला पोलिसांचा पहारा असावा असा आदेश दिला.

आपल्या नात्यात, शेजारात अशी कुणी असेल, तर तिने काय केले याचा निवाडा न्यायालय करीलच. आपण तिच्या मुलांची खुशाली कळवणारे एक पत्र तरी पाठवावे. तेवढ्यानेही तिच्या जिवाला थोडा आराम पडेल.