पत्ते पाहण्याआधीच पैसे टेबलावर!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सावद्याकडे झाडांना झोके बांधले जातात आणि पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव रंगतात. तीन पत्ती खेळलेल्याला 'ब्लाइंड' माहीत असतो. पत्ते न पाहता निम्म्या दराने चाल करायची, तीही मर्जी असेल तर. पोकर स्पर्धेत मात्र ती सक्ती असते. पत्ते वाटण्याआधीच दोघांनी पैसे टाकायचे: समजा, छोटा ब्लाइंड 100 आणि मोठा 200. ठरावीक मिनिटांनी हे आकडे वाढत जातात, त्यामुळे नुसतं पॅक करत, म्हणजे डाव सोडत बसणारा आपोआप संपतो.

आक्रमक भिडू नेमका या सक्तीच्या पैशांवरच टपलेला असतो. तो 300 उचलायला 400 लावतो. दहापैकी सहा वेळा दोघंही पॅक झाले, की पुढचं एकही पान न उघडता तो फायद्यात!

मग बचाव? मोठा ब्लाइंडवाला आणखी 200 टाकून 900च्या डावात राहतो. म्हणजे साधारण 22 टक्के जिंकलं तरी हिशेब जुळतो. समोरच्याने 600 लावले, तर तोच आकडा 31च्या आसपास जातो. आता बऱ्याच स्पर्धांत सगळ्या टेबलाचा बूट, म्हणजे डावाआधीची ठरलेली रक्कम, मोठा ब्लाइंडवालाच भरतो. तो 200 धरला तर 400ला उत्तर द्यायला 18 टक्केही पुरतात. पण मोहात पडू नका. पुढच्या फेऱ्यांत बोलायची पाळी तुमची आधी असते, त्यामुळे एकाच रंगाचे नव्वी-अठ्ठी ठेवावेत, वेगळ्या रंगांचे सत्ती-दुर्री सोडावेत.

गंमत म्हणजे तेच बदनाम सत्ती-दुर्री सगळे पैसे लागल्यावर एक्का-राजाला तीनातून जवळपास एकदा हरवतात!

छोटा ब्लाइंड ही सर्वांत अवघड जागा. मागे मोठा ब्लाइंड अजून बोलायचा असतो आणि पुढे प्रत्येक फेरीत पहिली पाळी आपलीच. इथे नुसती बरोबरी करण्यापेक्षा उलट वाढवावं, नाहीतर पॅक करावं.

दोघंच उरले की प्रत्येक डाव ब्लाइंडचाच. 2017 मध्ये पिट्सबर्गला 'लिब्रेटस' या संगणक-प्रोग्रॅमने असे 1,20,000 डाव खेळून चार व्यावसायिकांना हरवलं.

आणि एक महत्त्वाचं: पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केला आहे, महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे. हे गणित घरी, बिनपैशाच्या चिप्सवरच करून बघा.