घरी कोण कोण आहे?

बालवाडीत नवी मुलं आली की पहिल्या आठ-पंधरा दिवसांत एक विषय हमखास निघतो: 'माझं कुटुंब'. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला बाहेरच्या जगात न्यायचं, तर सुरुवात त्याच्या घरापासून करावी, हे बालशिक्षणातलं जुनं आणि शहाणपणाचं सूत्र आहे. त्यासाठी भिंतीवर एक तक्ता लावलेला असतो. त्यात लोडाला टेकलेले आजोबा असतात, जपमाळ ओढणारी आजी असते, वर्तमानपत्र वाचणारे बाबा, ओट्याशी उभी आई, दप्तर घेतलेला दादा, दोन वेण्यांची ताई आणि पाळण्यात बाळ. बाई एकेका चित्रावर बोट ठेवतात आणि मुलं एका सुरात उत्तरं देतात.

हाच तक्ता यवतमाळ जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांमध्ये लागला, की उत्तरांचा सूर एक राहत नाही. दारव्हा-नेरकडचं लेकरू आईच्या चित्राला 'माय' म्हणतं. बापाचा थोरला भाऊ त्याच्या घरी 'मोठे बाबा' असतो, 'काका' नव्हे. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरचं बंजारा मूल आईला 'याडी' म्हणतं. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागातल्या पोडांवर कोलामांच्या घरात कोलामी बोलली जाते. ती मराठीच्या नव्हे, तेलुगू-गोंडीच्या गोतातली भाषा. त्या मुलाला 'आजी-आजोबा' हे शब्दसुद्धा परक्या भाषेतले म्हणून शिकावे लागतात. पण इथवर फारसं बिघडत नाही. जाणती सेविका मुलाचा शब्द आधी घेते, पुस्तकातला नंतर देते आणि पुढे सरकते. गाडी अडते ती वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाबांपाशी.

माझी नोकरी बँकेतली. त्यातली बरीच वर्षं याच जिल्ह्यातल्या शाखांमध्ये गेली. पीककर्जाच्या कागदपत्रांत कुटुंबातील व्यक्तींची माहिती असे. समोरचा शेतकरी बोटं मोडत सांगायचा: मी, घरची, तीन लेकरं, एक म्हातारी. पुढे काही घरांत ही मोजणी चुकू लागली. २००६ च्या जुलैमध्ये विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज जाहीर झालं, त्यांत यवतमाळ होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं प्रकरण 'पात्र' ठरलं, तर वारसांना १ लाख रुपये मिळत. त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. त्या ठेवीच्या निमित्तानं येणाऱ्या तरुण बायांच्या कडेवर किंवा पदराला एखादं मूल असे. कागदावर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं नाव लागे. सही किंवा अंगठा होईपर्यंत ते मूल टेबलावरच्या शिक्क्याशी खेळत राही. वारस म्हणजे काय, हे त्याला कळण्याचं कारण नव्हतं. पण तेच मूल दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीत जाऊन बसणार होतं, आणि तिथं त्याला विचारलं जाणार होतं, 'तुझे बाबा काय करतात?'

तक्त्याबाहेरची घरं

बाप नसलेलं घर एकाच तऱ्हेचं नसतं. काही तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला निघतात. काही घरांतली तरणी माणसं पुण्या-मुंबईकडे, हैदराबादेकडे बांधकामावर जातात. लहान मूल कधी सोबत जातं, कधी आजीपाशी राहतं. अशा मुलाच्या लेखी घर म्हणजे आजी आणि शेळी, आणि ते तसं सांगतंही. त्यात ते चुकलेलं नसतं.

झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांतली आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रांत अधूनमधून येते आणि विरून जाते. ती म्हणजे कुमारी मातांची. पोडावरच्या गरीब मुलींना लग्नाचं नाही तर पैशाचं आमिष दाखवून बाहेरून आलेली माणसं नादी लावतात आणि दिवस राहिल्यावर नाहीशी होतात. या मुलींमध्ये कोलामांच्या मुली अधिक. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. त्या मुलीविषयी चार दिवस चर्चा होते. मूल मात्र वाढत राहतं. यथावकाश तेही अंगणवाडीत येतं आणि तक्त्यासमोर बसतं.

कायद्यानं या बाबतीत काही पावलं टाकली आहेत. अविवाहित आईला मुलाच्या बापाचं नाव उघड न करताही पालकत्व मिळू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ६ जुलै २०१५ रोजी दिला. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये निर्णय केला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव येईल, मग वडिलांचं आणि मग आडनाव. ही मुलं २०२७ पासून अंगणवाडीत बसण्याच्या वयाला पोचतात. कागदावर आई बापाच्या आधी आली. भिंतीवर मात्र ती अजून ओट्याशीच उभी आहे.

ज्यांनी ही शाळा दिली

यावर काही वाचक म्हणतील, की मुलांपुढे आदर्श कुटुंबच ठेवायला हवं. अपवादांसाठी तक्ता बदलायचा का? त्यांनी ही बालशाळा आपल्याला ज्यांनी दिली, त्यांच्या घरांकडे एकदा पाहावं.

आपल्या बालवाड्यांची परंपरा मारिया माँटेसोरीपर्यंत जाते. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत तिनं पहिलं बालगृह काढलं. या बाईला १८९८ मध्ये एक मुलगा झाला होता, मारिओ. तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे मूल दुसऱ्या कुटुंबात वाढवायला द्यावं लागलं, आणि पुढे ते तिच्याजवळ आल्यावरही बरीच वर्षं जगाला पुतण्या म्हणून सांगितलं गेलं. साऱ्या जगाच्या मुलांची ही आई स्वतःच्या मुलाची आई म्हणून उभी राहू शकत नव्हती. १९३९ मध्ये दोघं हिंदुस्थानात आली. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून मारिओला अहमदनगरच्या छावणीत ठेवलं गेलं. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला माँटेसोरीबाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या वाढदिवसाची भेट म्हणून व्हाइसरॉयनं मारिओची सुटका केली, आणि तशी तार पाठवताना त्याला तिचा मुलगा म्हटलं. उघडपणे तसं म्हटलं जाण्याची ती पहिली वेळ होती, असं तिचे चरित्रकार सांगतात. मुलगा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

आपल्याकडच्या ताराबाई मोडकांचं घरही तक्त्यात बसणारं नव्हतं. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाईंचं लग्न अमरावतीच्या एका वकिलाशी झालं, म्हणजे त्या काही काळ आपल्या वऱ्हाडातल्याच. तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या, राजकोटच्या अध्यापिका विद्यालयात प्राचार्य झाल्या आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाई आधी वकील; स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं, या विचारातून ते शिक्षणाकडे वळले. या दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुलं शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. पुढे त्या योजनेसाठी हाच शब्द देशभर गेला.

त्यांना एक गोष्ट लगेच कळली. आदिवासी घरातली सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' त्यांनी उभी केली. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. कुटुंब कसं असावं, हे सांगण्याऐवजी मुलांचं कुटुंब जसं होतं तसं त्यांनी शाळेत घेतलं.

वजनाचा दिवस

कॅनडात मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये टोरांटोला एक उपक्रम सुरू केला. शेजारपाजारची एखादी आई आपलं तान्हं बाळ घेऊन शाळेच्या वर्गात येते. हिरव्या चादरीवर बाळाला ठेवतात, मुलं भोवती बसतात आणि ते का रडलं, का हसलं, ते पाहतात. वर्षभर तेच बाळ पुन्हा पुन्हा येतं. दुसऱ्याचं मन ओळखायला मूल यातून शिकतं, अशी त्यामागची कल्पना. हा उपक्रम पुढे अनेक देशांत गेला.

आपल्या अंगणवाडीत ही सोय आयती आहे. गरोदर बायांची नोंद तिथंच, बाळाचं वजनही तिथंच, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा वर्गही त्याच खोलीत. सहा महिने झालेल्या बाळाचं उष्टावण आणि गरोदर बाईचं डोहाळजेवण हे कार्यक्रमही आता पोषण अभियानात तिथंच होतात. एरवी वजनाच्या दिवशी मुलांना 'गप्प बसा' म्हणून कोपऱ्यात बसवतात. त्याऐवजी तोच दिवस बाळाचा पाठ केला तर?

वजनाआधी मुलांना विचारावं, बाळ जड की पाण्याची कळशी? जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून जास्त भरलेलं बाळ पाचेक महिन्यांत साधारण दुप्पट आणि वर्षाचं होता होता तिप्पट होतं. हे आकडे मुलांसाठी नाहीत, पण मागच्या महिन्यात झोळीत निजून राहिलेलं बाळ या महिन्यात पाय झाडतं, हे मुलांना दिसतं. आधी मान धरतं, मग पालथं पडतं, बसतं, रांगतं, हा क्रम चित्रं लावून शिकवण्यापेक्षा एका बाळात वर्षभर बघणं केव्हाही सरस. टाळू मऊ असते, तिला दाबायचं नाही. बाळाला घ्यायचं तर मानेखाली हात हवा. रडतंय म्हणजे हट्ट नव्हे, ते त्याचं बोलणं आहे, हे बाळाच्या आईनंच सांगावं. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, हा निरोपही मग मुलांबरोबर आपोआप घरी जातो.

बाहुलीला पैसे लागत नाहीत. कापसाच्या या जिल्ह्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि मूठभर कापूस कुठंही मिळतो. झबलं, टोपडं, दुपटं घरून येतात. बाहुलीला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, झोळीत घालून निजवायचं. अंगाई ज्याच्या त्याच्या बोलीतली, तांड्याची किंवा पोडाची. एवढं मात्र बघावं, की न्हाऊ घालण्याची पाळी मुलग्यांवरही येईल. मुलगी ते काम घरी करतेच; तिला त्या वेळात ठोकळे रचू द्यावेत.

'नाही' म्हणणारं मूल

आता पुन्हा त्या बाबांकडे. प्रश्न बदलला, की निम्मं काम होतं. 'बाबा काय करतात?' याऐवजी 'घरी कोण कोण आहे?' असं विचारावं. तुला निजवतं कोण? जेवू कोण घालतं? पावसात वीज कडाडली, की तू कोणाला बिलगतोस? याचं उत्तर प्रत्येक मुलापाशी असतं. आणि तक्त्याऐवजी कोरा कागद द्यावा. जितकी माणसं मूल काढील तितकं त्याचं घर.

तरीही एखादं मूल मध्येच म्हणेल, 'माहा बाप मेला.' वर्ग गप्प होतो, बाई गडबडतात आणि 'चला, गाणं म्हणू' म्हणतात. हेतू चांगला असतो, पण मूल त्यातून एवढंच शिकतं, की हे बोलायचं नसतं. पाच वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचं असतं हे नीट उमगत नाही. 'बाबा गावाला गेले' म्हटलं, तर ते वाट बघतं. 'झोपले' म्हटलं, तर झोपेला भिऊ लागतं. आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले, असंही त्याला वाटून जातं. बालमानसाचे जाणकार सांगतात, की अशा वेळी थोडकं आणि खरं बोलावं: बाबा मरण पावले, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही, आणि तुझ्याजवळ आई आहे, आजी आहे, मी आहे. कसे मेले, हे वर्गात सांगायची गरज नाही. त्या मुलाला त्या दिवशी बाईंच्या जवळ बसायला मिळालं, तर तेही पुष्कळ.

हे सगळं कोणी करायचं? मानधनावर राबणाऱ्या, रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या नोंदी भरणाऱ्या सेविकेनं. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी सुमारे पन्नास दिवस संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत मानधनवाढ होती, पेन्शन होती. शेजारच्या घरात काल काय झालं, हे माहीत असलेली शिक्षिका या देशात दुसरी कुठं मिळायची? जी बाई मयतीला जाऊन आलेली असते, तीच दुसऱ्या दिवशी त्या घरच्या मुलाला खिचडी वाढते. एवढं मोलाचं काम जिच्याकडून हवं, तिला शिकवायला थोडा निवांत वेळ आणि पोटापुरता पैसा देणं हा उपकार नव्हे.

आणि थोडं आपल्याकडेही आहे. आपल्या घरात आलेल्या लहान मुलाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? नाव काय, आणि मग बाबा काय करतात. कामवालीचं असो, शेजारचं असो, गावाकडून आलेलं असो. पुढच्या वेळी दुसरा प्रश्न थोडा बदलून बघावा. घरी कोण कोण आहे, एवढंच विचारावं, आणि ते मूल ज्या क्रमानं नावं सांगेल, त्यात शेळीचं नाव आधी आलं तरी, ती शेवटपर्यंत ऐकून घ्यावीत.