विषण्णतेत निर्णय नको

पूर्णा नदीवरील येलदरी धरणाची पातळी खालावली की परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याचे मनही खचू लागते. कर्ज, नापिकी आणि त्याहून जाचक अशी लाज! अशा वेळी 'श्रद्धा असेल तर निराशा येणारच नाही' असे सांगणे आम्हांस उचित वाटत नाही. १५२२ साली मानरेसा येथे संत इग्नेशियस लोयोला अपराधभावाने इतके ग्रासले होते की, आपल्या खोलीतील विवरात स्वतःला झोकून देण्याचा मोह त्यांना वारंवार होई.

त्यांनी पुढे लिहिलेल्या नियमांपैकी दोन येथे सांगावेसे वाटतात. विषण्णतेच्या काळात पूर्वीचा निश्चय बदलू नये. आणि मोहाला गुप्तता प्रिय असते, म्हणून तो जाणत्या, सज्जन व्यक्तीपुढे उघड करावा. दुसरा नियम आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आपल्याकडे पुरुष गप्प राहतात. धर्मगुरूंना, पत्नीला, विश्वासू शेजाऱ्याला सांगावे. देवाकडेही गाऱ्हाणे मांडावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर काळोखातच संपते.

झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात श्रद्धेचे उणेपण नाही. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, मराठीतूनही.