पाण्यातून हायड्रोजन : मूळ किंमत किती आणि आडत किती?

राजघाटावर सकाळी फिरायला येणारे आपल्या मंडळाचे एक सभासद आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी एक रंगीत पत्रक माझ्या हातात ठेवले. "साहेब, तुम्ही बँकेत एवढी कर्जप्रकरणे तपासलीत, हे जरा बघून द्या." पत्रकाचा मजकूर असा की, खास धातूच्या पट्ट्यांचे एक यंत्र गाडीला बसवायचे, ते गाडीच्याच बॅटरीवर पाण्यातून हायड्रोजन काढते, आणि डिझेल निम्मे लागते. जिल्ह्याची एजन्सी अडीच लाखांत. त्यासाठी मुदत ठेव मोडायची का, असा त्यांचा प्रश्न होता.

मी बी.कॉम. माणूस. रसायनशास्त्राशी संबंध शाळेतच संपला. पण ठेव मोडायची म्हटल्यावर स्वस्थ बसवेना. पुण्याला शिकणाऱ्या पुतणीला फोन करकरून तिचे डोके खाल्ले, थोडे वाचले, आणि जे समजले ते इथे लिहितो आहे. त्या पत्रकात एक खरी गोष्ट आहे आणि तिच्या आडून एक खोटी सांगितली आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी घरी करून पाहण्यासारखा प्रयोग सांगतो. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून त्यात उभ्या करा आणि वरच्या टोकांना वायरने टॉर्चचा एक सेल जोडा. जवळजवळ काहीच होत नाही. आता दोन सेल एकापुढे एक जोडा. दोन्ही पेन्सिलींवर बुडबुडे धरू लागतात, एका बाजूला जास्त. ज्या बाजूला जास्त, तो हायड्रोजन. दुसरीकडे ऑक्सिजन. (सोड्याऐवजी मीठ घालू नका, विषारी क्लोरीन निघतो. आणि मुलांना एकटे सोडू नका.)

एका सेलने का होत नाही? पाण्याचे दोन वायू वेगळे करायला निसर्गाने ठरवलेली किमान किंमत १.२३ व्होल्ट आहे, आणि लागणारी उष्णताही विजेतूनच द्यायची तर १.४८ व्होल्ट. सेल तर दीड व्होल्टचा. म्हणजे मूळ किंमत निघते, पण वरची आडत निघत नाही. केळीच्या व्यवहारात मालाचा भाव वेगळा आणि आडत, हमाली, तोलाई वेगळी, तसेच इथे आहे. पेन्सिलीच्या शिशाच्या पृष्ठभागावर ही क्रिया फार नाखुशीने होते, म्हणून वरचा खर्च भारी पडतो. ज्या धातूवर ती सहज होते, त्याला उत्प्रेरक म्हणतात. तो स्वतः खर्ची पडत नाही, फक्त आडत कमी करतो.

हे वाक्य मी त्या सभासदांना दोनदा ऐकवले. उत्प्रेरक आडत कमी करतो, मालाचा भाव कमी करत नाही. जगातला कुठलाही धातू १.२३ चे १.०० करू शकत नाही.

आता रुपयांत बोलू. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३९ युनिट ऊर्जा असते. कारखान्यात तो किलो काढायला प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट वीज जाते. वरची ११ ते १६ युनिटे ही सगळी आडत. दर दशांश व्होल्टमागे किलोला सुमारे २.७ युनिट, असा हिशेब बसतो. आपल्याच मध्य प्रदेशात, गुना जिल्ह्यातल्या विजयपूरला, गेल कंपनीने २०२४ मध्ये १० मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर सुरू केला. त्याची क्षमता रोज ४.३ टन हायड्रोजनची आहे. तिथे एक दशांश व्होल्ट वाचला तर दिवसाला साडेअकरा हजार युनिट वाचतील. युनिट चार रुपये धरले, तर रोजचे ४६ हजार! या एवढ्याशा दशांशासाठी प्रयोगशाळा वर्षानुवर्षे का झटतात, ते मला हा आकडा मांडल्यावर कळले.

(पाण्याची काळजी कोणी करू नये. किलोला नऊ लिटर पाणी मोडते. ४.३ टनांना चार टँकरांच्या आसपास, शुद्ध करताना वाया जाते ते थोडे वेगळे.)

विजयपूरचे यंत्र कॅनडाहून आणलेले, पीईएम जातीचे. त्यात दोन्ही बाजूंमध्ये आम्लधर्मी पडदा असतो. आम्लात साधे धातू विरघळून जातात, म्हणून हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम वापरावे लागते. इरिडियम साऱ्या जगात वर्षाला सात-आठ टनच निघते, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत आणि प्लॅटिनमच्या खाणीतला जोडमाल म्हणून. गेल्या काही वर्षांत त्याचा भाव सोन्याच्या वर गेलेला आहे. मागणी वाढली म्हणून खाण वाढत नाही. अशा एकाच मालावर सारा धंदा उभा करणाऱ्याला मी तरी कर्ज मंजूर केले नसते.

दुसरी वाट निकेलची. जुन्या सभासदांनी हा धातू हाताळला आहे. १९५० साली निघालेला आपला रुपया निकेलचा होता, लोहचुंबकाला चिकटायचा. आजही घरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यात आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असते. किलोला साधारण दीड हजार रुपये. आम्लात तो टिकत नाही, पण कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात वर्षानुवर्षे टिकतो. हे नवे नाही. भाक्रा धरणाची स्वस्त वीज घेऊन पंजाबात नांगलच्या खत कारखान्याने १९६० च्या दशकात पाण्यातून हायड्रोजन काढून खत केले. पुढे नैसर्गिक वायू आणि तेलापासून हायड्रोजन स्वस्त पडू लागला आणि ही पद्धत मागे पडली. आता सौर विजेमुळे तिचे दिवस परत येत आहेत. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने सच्छिद्र निकेलच्या इलेक्ट्रोडवर चालणारा इलेक्ट्रोलायझर तयार केला. तो मोठ्या प्रमाणावर नेण्यासाठी भारत पेट्रोलियमने डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्याशी करार केला.

निकेलच्या बाबतीत एक गंमत पुतणीने सांगितली. खरी अडचण हायड्रोजनच्या बाजूला कमी आणि ऑक्सिजनच्या बाजूला जास्त असते. तिथे निकेल कधी चांगले काम करायचे, कधी साधारण. १९८७ साली डेनिस कॉरिगन या अमेरिकन संशोधकाने दाखवले की द्रावणात मळ म्हणून आलेले नाममात्र लोखंड निकेलच्या थरात शिरते आणि काम सुधारते. म्हणजे ज्याला सगळे भेसळ समजत होते तोच कामाचा गडी निघाला! आज निकेल-लोखंडाचे थर हा स्वस्त उत्प्रेरकांतला आघाडीचा प्रकार आहे. लोखंडाहून स्वस्त ते काय असणार?

मग घोडे अडले कुठे? उन्हाशी. नांगलला धरणाची वीज अखंड मिळत असे. सूर्य संध्याकाळी जातो आणि ढग आला की दुपारीही जातो. यंत्र बंद पडले की आत उलटा प्रवाह वाहतो आणि इलेक्ट्रोडचा थर झिजतो. वीज फार कमी झाली तर दोन्ही वायू एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. इरिडियमवाली जात ही चढउतार सहज सोसते, निकेलवाली कुरकुरते. प्रयोगशाळेत शंभर तास टिकलेला थर उन्हातान्हात दहा वर्षे टिकेल का, हा खरा प्रश्न आहे. शेजारी खंडवा जिल्ह्यात ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगते सौर पॅनेल लागले आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही.

अजून एक गोष्ट उत्साहाच्या भरात लपवली जाते. ५४ युनिट घालून काढलेल्या किलोभर हायड्रोजनपासून पुन्हा वीज केली तर १६ ते २० युनिटच हाती येतात. दिवसाची वीज रात्री घरात वापरायची असेल तर बॅटरी बरी. हायड्रोजन तिथे शोभतो जिथे तोच लागतो, म्हणजे खत कारखाना, तेलशुद्धीकरण, पोलाद, किंवा महिनोन्महिने साठवण. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन मिशनचा रोखही मुख्यतः उद्योगांकडेच आहे.

आता ते पत्रक. गाडीची बॅटरी कोण भरते? इंजिन. इंजिन कशावर? डिझेलवर. डिझेलपासून वीज करताना तूट, विजेपासून हायड्रोजन करताना तूट, तो जाळताना पुन्हा तूट. पट्ट्या निकेलच्या असोत की प्लॅटिनमच्या, आपल्याच खिशातून काढून आपल्यालाच उसने द्यायचे आणि दर फेरीला आडत भरायची, असा हा व्यवहार आहे.

विक्रेत्याचा माणूस येत्या रविवारी येणार आहे. मी सभासदांना तीन प्रश्न कागदावर लिहून दिले आहेत. एक किलो हायड्रोजनला तुमचे यंत्र किती युनिट घेते? ती युनिटे कुठून येतात? सरकारमान्य चाचणी केंद्राचा, आमच्यासारख्याच गाडीवरचा दाखला आहे का? पहिल्याचे उत्तर ३९ पेक्षा कमी आले, तर चहा पाजून निरोप द्यायचा असे ठरले आहे. ठेवीची पावती तोवर त्यांनी माझ्या सांगण्यावरून वहिनींकडे दिली आहे.