आडवी खाच

पुस्तकांच्या कपाटात आडवी फळी नुसत्या खिळ्यांवर टेकवली, तर सगळा भार खिळ्यांवर येतो. उभ्या फळीत खाच पाडून तिचे टोक आत बसवले, की तोच भार लाकडावर जातो. खाच लागतेही थोडीच: १८ मिमी जाडीच्या फळीत ६ मिमी खोल.

सोलापूरच्या हातमागांना लाकडातली खाच नवी नाही. हात्यात फणी बसते ती खाचेतच. पण ती लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाते आणि रंध्याने सरळ निघते. कपाटाची खाच रेषांना छेदून जाते. हाताने करायची तर दोन्ही कडा करवतीने कापून मधले लाकूड पटाशीने काढावे लागते. राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र, हे काम काही क्षणांत करतो, मात्र आखणीतली चूकही तितक्याच वेगाने लाकडात उतरवतो.

टेबलावरच्या राउटरची मोटर खाली टांगलेली असते, बिट, म्हणजे त्याचे पाते, तेवढे वर डोकावते. वरून पाहिले तर ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणून फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची. तसे केले की बिट फळीला मागच्या आडपट्टीवर दाबून धरते. अरुंद फळीचे टोक नुसते आडपट्टीला टेकवले तर ते हमखास तिरके होते. तिच्यामागे काटकोनात कापलेला रुंद ठोकळा धरून दोन्ही एकत्र ढकलावीत. बिट बाहेर पडताना कडेच्या चिपा उडतात, त्याही या ठोकळ्यामुळे थांबतात. सहा-सात फूट लांबीची फळी टेबलावर आवरत नाही. तिथे राउटर हातात घेऊन पट्टीच्या आधाराने चालवणेच शहाणपणाचे.

खाच बिटापेक्षा रुंद हवी असेल, तर दुसऱ्या फेरीत कारागिराकडची भिंत कापली गेली पाहिजे, म्हणजे आडपट्टी थोडी मागे घ्यायची. उलट बाजू कापली तर बिट फळी हातातून ओढून नेते. खोली एका दमात गाठू नये. दोन-तीन फेऱ्या कराव्यात. सागाच्या लाकडात सिलिका असल्याने साध्या पोलादाची धार लवकर जाते, तिथे कार्बाइडचे बिटच घ्यावे. मापासाठी प्लायवरचा आकडा धरू नये. १९ मिमीचा म्हणून घेतलेला प्लाय अनेकदा कमी भरतो. आधी त्याच प्लायचा तुकडा टाकाऊ लाकडातल्या खाचेत बसवून पाहावा.

अस्सल लाकडाला सोलापूरची हवाही मोजावी लागते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते. सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. आडव्या खाचेची रुंदी लाकडाच्या रेषांच्या दिशेत असते, त्यामुळे ती जवळपास बदलत नाही. तिच्यात बसणाऱ्या फळीची जाडी मात्र ओलाव्याने एक-दोन दशांश मिलिमीटर वाढते. मे महिन्यात अगदी घट्ट बसवलेली फळी सप्टेंबरात बाहेर निघत नाही, आणि सप्टेंबरात बेताची बसवलेली मे महिन्यात खडखडते.