सीमेपलीकडचं पेट्रोल

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी मणिबेली नावाचं गाव आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, त्यांतलं हे धरणाच्या सर्वांत जवळचं. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरं पाण्यात गेली. काही कुटुंबं गुजरातेत वसली, काही डोंगरावर सरकून तिथंच राहिली. एका शिक्षक मित्राबरोबर मी तिकडे गेलो होतो. बोटीत बसलो. समोरचा काठ गुजरातचा. मी शहरी शहाणपणानं नावाड्याला म्हटलं, "दादा, तुमची मजा आहे. तिकडे डिझेल स्वस्त!"

तो हसला. म्हणाला, "स्वस्त आहे, पण पंप काय पाण्याच्या कडेला आहे का, चाचा?"

त्या एका वाक्यानं मला हिशेब मांडायला लावला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या जिल्ह्यात सीमा ही नकाशावरची गोष्ट नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. गाडी एकच, फलाट एकच. पण फलाट सोडून रस्त्यावर आलात की पेट्रोलचा भाव कुठल्या बाजूला आहात त्यावर ठरतो. तेल तेच असताना भाव दोन कसे?

उत्तर कराच्या रचनेत आहे. पंपावरच्या भावात आधी तेलाची मूळ किंमत आणि वाहतूक असते. त्यावर केंद्राचा अबकारी कर आणि पंपचालकाचं कमिशन चढतं. या सगळ्या बेरजेवर राज्य आपला व्हॅट लावतं. म्हणजे करावरही कर बसतो. शिवाय काही राज्यं लिटरमागे ठराविक अधिभार घेतात. २०१५ साली दुष्काळासाठी महाराष्ट्रानं असाच अधिभार बसवला होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पण पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिलं, कारण राज्यांच्या हातात उरलेल्या मोठ्या उत्पन्नांपैकी हे एक. म्हणून प्रत्येक राज्याचा दर वेगळा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं पेट्रोलवरचा अबकारी कर ५ रुपयांनी आणि डिझेलवरचा १० रुपयांनी कमी केला. गुजरातनं लगेच स्वतःच्या व्हॅटमध्ये आणखी ७ रुपयांची कपात केली. महाराष्ट्राची मोठी कपात, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये, जुलै २०२२ मध्ये झाली. मधल्या आठ महिन्यांत दोन्ही बाजूंच्या भावातलं अंतर चांगलंच रुंदावलं होतं. गोव्यानं तर २०१२ साली पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला आणि भाव एकदम ११ रुपयांनी उतरला. सिंधुदुर्गातली माणसं बांद्याच्या पलीकडे जाऊ लागली तर त्यात नवल काय?

हे जगभर चालतं. माझी पुतणी कॅनडात व्हँकुव्हरला असते. एकदा फोनवर म्हणाली, "चाचा, रविवारी गॅस भरायला अमेरिकेत गेलो होतो." मला वाटलं, सिलिंडर! तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात. बिहारच्या रक्सौल भागातले लोक २०२१ साली नेपाळात जाऊन टाकी भरून येत होते. गंमत अशी की नेपाळला ते पेट्रोल आपल्याच देशातून जातं.

आता हिशेब. समजा, पलीकडे लिटरमागे ८ रुपये वाचतात आणि इकडचा भाव १०० रुपये आहे. पंप २० किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन ४०. मोटार लिटरला १५ किलोमीटर देते. ३५ लिटर भरलं तर वाचले २८० रुपये, पण रस्त्यात जळालं सुमारे २६७ रुपयांचं. हातात उरले १३. मोटारसायकल ५० किलोमीटर देत असेल आणि ८ लिटर भरलं, तर वाचले ६४ आणि जळाले ८० रुपये. म्हणजे मुद्दाम गेलात तर खिशालाच भोक. फायदा होतो तो त्याच रस्त्यानं कामाला जाणाऱ्याला. सुरतेहून नंदुरबारला येणाऱ्या ट्रकनं ३०० लिटर डिझेल सीमेआधी भरलं आणि लिटरमागे ४ रुपयेच वाचले, तरी १२०० रुपये सुटले. स्वस्ताई मिळते ती ज्याची टाकी मोठी आणि वाट ठरलेली, त्याला.

कॅन भरून आणावा म्हणाल, तर त्यालाही कायदा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विनापरवाना ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं. तेही विक्रीसाठी नाही, आणि काचेच्या भांड्यात एका लिटरहून जास्त नाही. पाड्यापाड्यांवर बाटलीतून विकलं जाणारं पेट्रोल कायद्यात बसत नाही. पण जिथं पंपच नाही, तिथं गरजूला ती बाटलीच पंप वाटते. तिचा भाव दोन्ही राज्यांच्या भावाहून चढा असतो. डोंगर उतरून ते आणणाऱ्याची दिवसाची मजुरी त्यात असते.

मणिबेलीच्या त्या बोटीत, मागच्या फळीखाली एक लहान कॅन झाकून ठेवलेला होता. परतताना इंजिन धापा टाकू लागलं. मी म्हटलं, "दादा, तो कॅन आहे ना!" त्यानं मान हलवली आणि वल्हं हातात घेतलं.

"तो नाही, चाचा. रात्री कोणाची बाई अडली, कोणाला साप चावला, तर काय करू? तो त्यांच्यासाठी."

आम्ही पाऊण तास वल्ही मारत काठाला लागलो. माझ्या तळहातांना फोड आले होते.

धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या त्या पाण्यावरूनच या माणसाला दवाखान्याकडे जायचं असतं. आपण सीमेच्या दोन्ही बाजूंचे फलक वाचून पाच-आठ रुपयांचा फरक मोजतो, आणि तो मोजायलाच हवा. पण लिटरचा खरा भाव पंपावरच्या आकड्याइतकाच पंपापर्यंतच्या रस्त्यावरही ठरतो. सरकारनं कर कमी केला की फलकावरचा आकडा त्याच रात्री बदलतो. रस्ता मात्र तसा एका रात्रीत होत नाही. तो होईपर्यंत मणिबेलीच्या बोटीत फळीखालचा कॅन झाकलेलाच राहणार.