जिप्सी की थार: जुन्या उघड्या गाडीची पारख

परवडणाऱ्या किमतीची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार हा प्रकार भारतात रुजला नाही. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी तसा एक मनापासूनचा प्रयत्न होता. फायबरची बॉडी आणि रेनॉचे छोटे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी मोजक्याच घरांत पोहोचली. १९८९ पासून जगभर खपलेली मझ्दाची एमएक्स-५ इथल्या शोरूममध्ये कधी आलीच नाही. त्यामुळे हातकणंगले तालुक्यात कुणाला डोक्यावर आभाळ घेऊन गाडी चालवायची हौस असेल, तर त्याच्यापुढे प्रत्यक्षात दोनच नावे उरतात: मारुतीची जिप्सी आणि महिंद्राची पहिली थार. दोन्ही आता नव्या मिळत नाहीत. जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले आणि कापडी हुडाची पहिली थार २०२० मध्ये नव्या थारला जागा देऊन गेली. म्हणजे निवड करायची ती वापरलेल्या गाड्यांतून, आणि तिथे कागदावरच्या आकड्यांपेक्षा समोर उभी असलेली गाडी जास्त बोलते.

जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. सुझुकीच्या एसजे मालिकेतल्या लांब चेसिसवर ती बांधलेली होती. सुरुवातीचे ९७० सीसीचे इंजिन जेमतेम ४५ बीएचपीचे होते. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली, आणि २००० च्या सुमारास त्याच गाडीला १६ व्हॉल्व्हचे, ८० बीएचपीचे एमपीएफआय इंजिन मिळाले. विकत घ्यायची तर हीच शेवटची जिप्सी घ्यावी. इंजिन एस्टीमच्या कुळातले असल्यामुळे मारुतीवर हात बसलेला कोणताही मेस्त्री ते सहज उघडतो. थारचे कूळ वेगळे. विलीज जीप भारतात जोडण्याचे काम महिंद्राने १९४७ मध्ये हाती घेतले, त्या घराण्याची ही पुढची पिढी. २०१० मध्ये आलेल्या थारला अडीच लिटरचे, १०५ बीएचपीचे सीआरडीई डिझेल इंजिन होते. त्याच नावाने ६३ बीएचपीचे साधे डीआय इंजिनही विकले गेले. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून बॉनेट उघडून खात्री केलेली बरी.

पाहणीची सुरुवात हुडापासून करावी. बरेच जण थेट इंजिनाकडे वळतात, पण उघड्या गाडीत सगळ्यात जास्त झिजते ते कापड. हुड पूर्ण काढायला लावावे आणि पुन्हा चढवायला लावावे. टिचबटणे जागच्या जागी बसतात का, चेन अडकते का, लोखंडी कमानी वाकल्या आहेत का, हे तेव्हाच कळते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे कापड आकसते. मग मागचे शेवटचे बटण लावायला दोन माणसे लागतात, आणि तरीही शिलाई तिथेच उसवते. प्लास्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडून धुरकटल्या असतील तर रात्री मागचे काही दिसत नाही. अशा खिडकीवर बोटाने हलके दाबावे. प्लास्टिक कडक होऊन चुर्र वाजले, तर पुढच्या उन्हाळ्यात ते तडकणार हे ठरलेले.

त्यानंतर पाण्याची परीक्षा. गाडी बंद हुडासह उभी करून काचेच्या वरच्या पट्टीवर समोरून नळीचे पाणी सोडावे आणि एकाने आत बसावे. चांगल्या हुडातही एखाददुसरा थेंब येतो, त्याला नाव ठेवू नये. पण काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून पायाशी जमत असेल, तर पुढची पाहणी खाली वाकून करायची: मॅट उचलून पत्रा बघायचा. हुड गळणाऱ्या गाडीत गंज वरून येतो, आणि मॅटखाली तो वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकत जावे. खणखणीत आवाजाच्या मध्येच एखादी जागा मऊ, बसकी वाजली, तर तिथे लांबी भरून वरून रंग मारलेला असतो. चेसिसच्या मागच्या टोकाला, पाट्यांच्या शॅकलजवळ चिखल साचून राहतो. तिथला गंज दिसला की किमतीवर घासाघीस करण्यात अर्थ नाही, गाडी सोडून द्यावी. जिप्सीच्या बाबतीत ही दक्षता अधिक हवी, कारण तिचा पत्रा हलका आहे आणि बहुतेक गाड्यांचे वयही जास्त आहे.

हलकेपणा हाच जिप्सीचा मोठा गुणही आहे. हुडवाल्या जिप्सीचे वजन एक टनाच्या आत, साधारण ९८५ किलो. थार दीड टनाच्या वर. वजनाच्या मानाने ताकद काढली तर जिप्सीला टनामागे सुमारे ८१ बीएचपी मिळतात आणि सीआरडीई थारला ६५ च्या खाली. आळत्याहून रामलिंगाच्या डोंगराकडे जाताना हा फरक हाताला जाणवतो. जिप्सी गिअर खाली टाकला की उडी घेते, इंजिन वरच्या फेऱ्यांत मोकळे होते आणि वळणावर गाडी जिकडे वळवू तिकडे वळते. थारचे बळ खालच्या फेऱ्यांत आहे. २४७ न्यूटन-मीटरचा टॉर्क १८०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो, त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्येच चढ ओढला जातो आणि चालवणाऱ्याला घाई करावी लागत नाही. स्पोर्ट्स कारचा आनंद म्हणजे गाडी हातात खेळणे असे मानले, तर तो जिप्सीतच आहे, आणि या कसोटीवर थार तिच्या जवळपासही येत नाही.

सांगली-कोल्हापूर रस्त्यावर मात्र पारडे फिरते. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत. खड्ड्यातून गेली की पाठीला आधी कळते आणि मग कानाला. सीआरडीई थारच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पाटे फक्त मागे. शिवाय तिला पॉवर स्टेअरिंग आहे आणि एसीही मिळतो. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यावर उघड्या गाडीत पाचट आणि धूळ थेट तोंडावर येते. त्या वेळी हुड बंद करून एसी लावता येणे ही मोठी सोय असते. दोन्ही गाड्यांत ताशी ८० च्या पुढे हुडाचा फडफडाट सुरू होतो आणि शेजाऱ्याशी मोठ्याने बोलावे लागते.

चाचणी घेताना जिप्सीचे स्टेअरिंग एका विशिष्ट वेगाला थरथरते का, हे मुद्दाम बघावे. मधल्या वेगात, एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके वॉबल मारू लागली तर किंगपिनची बेअरिंगे झिजलेली असण्याची शक्यता मोठी. काही जण फक्त चाकांचे बॅलन्सिंग करून गाडी विकायला काढतात, म्हणून चाचणी गुळगुळीत रस्त्यावर उरकू नये. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीस बाहेर येऊन चिकटलेले दिसले, तर नकलचे सीलही गेले आहे. थारमध्ये लक्ष इंजिनाकडे द्यावे. गाडी थंड असतानाच चालू करायला सांगावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावताच कळते. थंड इंजिन चालू होताना फार वेळ घेत असेल किंवा पांढरा धूर सोडत राहिले, तर इंजेक्टरचा खर्च समोर आहे. रेस वाढवल्यावर टर्बोची शीळ खरखरीत येऊ लागली, तर टर्बोचा खर्च.

फोर बाय फोर दोन्ही गाड्यांत लिव्हरने लागते आणि दोन्हींत लो गिअर आहे. ते तपासण्यासाठी कोरडा डांबरी रस्ता निवडू नये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसामध्ये फरक सांभाळणारे डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि घट्ट डांबरावर तो ताण सुटायला जागा नसल्याने गिअर पेटीवर येतो. उसाच्या रानातली ओली काळी जमीन किंवा विहिरीकडे जाणारी चिखलाची वाट ही खरी जागा. लो लावून पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी पुढे सरकू द्यावी. चारही चाके फिरतात का, हे दुसऱ्याने बाहेर उभे राहून बघावे. २०१५ नंतरच्या सीआरडीई थारला मागच्या आसासाठी मेकॅनिकल लॉक मिळाले, म्हणून एक मागचे चाक हवेत फिरत राहिले तरी दुसरे जमीन धरते. जिप्सीत ते नाही, पण तिचे वजनच इतके कमी की जिथे थार रुततेच, तिथून जिप्सी पुष्कळदा वरवरून निघून जाते. काळ्या मातीत हलकी गाडीच बरी, असे या भागात ती वर्षानुवर्षे वापरणारे सांगतात ते खरे आहे.

घरच्या माणसांसाठी गाडी घ्यायची असेल तर मागच्या सीटा नीट बघाव्यात. दोन्ही गाड्यांत त्या समोरासमोर, आडव्या आहेत. अपघातात आडवे बसलेल्या माणसाला समोर बघून बसलेल्यापेक्षा खूपच कमी आधार मिळतो, आणि या दोन्ही जुन्या गाड्यांत एअरबॅग नाहीत. लहान मुलांना मागे बसवून महामार्गावर जाण्यासाठी यांपैकी कोणतीच गाडी योग्य नाही. त्या कामासाठी बजेट वाढवून २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेली नवी थार बघावी. ती नाशिकला बनते, तिच्या मागच्या सीटा समोर तोंड करून असलेल्या मिळतात, आणि हुडवाला प्रकारही त्यात आला.

शेवटी कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस घेऊन ती ५ वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर लागतो. बाजारातल्या पुष्कळ जिप्सी आता या वयाच्या आहेत, म्हणून एमएच-०९ ची पाटी दिसली की समाधान मानू नये. आरसीवरची मुदत वाचावी. लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी असेल तर लिलावाची मूळ कागदपत्रे मागावीत. हौसेने हुड काढून पत्र्याचे छत बसवलेल्या, इंजिन बदललेल्या, चेसिस कापून आखूड केलेल्या गाड्याही फिरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल मूळ रचनेला सोडून करता येत नाहीत. इंजिन आणि चेसिसवर ठोकलेले नंबर घासून, टॉर्चच्या उजेडात आरसीशी अंकाला अंक जुळवून घ्यावेत, आणि मगच विसार द्यावा.